आमच्या दारातली जपानी

आमच्या गोठ्यातून कपिला गाय निघाली आणि तिच्या जागी मोटार आली, तेव्हापासून आईच्या मनाला जी टोचणी लागली ती लागलीच. गाय काही कुणाला विकली नव्हती. सेनगावच्या वाटेवर आमचं शेत होतं, तिथं गड्याकडं पाठवली होती. पण आई सवयीनं पहाटे चरवी घेऊन गोठ्याकडं जायची आणि दारातच थबकायची. आत वैरणीच्या आणि शेणाच्या वासाऐवजी पेट्रोलचा आणि रबराचा वास कोंडलेला असायचा. गव्हाण तशीच ठेवली होती, तिच्यात आता हवा भरायचा पंप आणि हँडलचा दांडा पडलेला असे. "दुधाचं जनावर काहाडून लोखंड बांधलं," आई चुलीपुढं बसून तव्यावरची भाकरी फिरवत म्हणायची, "ह्याचं चांगलं होनार न्हाई बघा." नाना, म्हणजे माझे वडील, ताटातल्या अंबाडीच्या भाजीवर कच्चं तेल ओतून घेत हसायचे. त्यांना तेव्हा हसू येत होतं. पुढं पुढं आईनं ते वाक्य म्हणणं सोडून दिलं. खरं व्हायला लागलेलं बोलणं माणूस परत उच्चारत नाही.

नाना हिंगोलीच्या कोर्टात वकील होते. निजामाचं राज्य, कोर्टाचं सगळं काम उर्दूत चाले, त्यामुळं नानांच्या मराठीतही 'तकलीफ', 'बराबर', 'फुरसत' हे शब्द सहज येत. घरी शेती होती, पण नांगर धरणारातले ते नव्हते. नवीन वस्तूंचं त्यांना वेड. एका नातलगाच्या लग्नाला मुंबईला गेले आणि तिथल्या एका दुकानात त्यांनी ती मोटार पाहिली. हिरव्या रंगाची, काळ्या मडगार्डांची, वर कापडी टप, आणि आकारानं इतकी लहान की तिच्याकडं पाहून कुणालाही आधी हसूच यावं. विलायती आणि अमेरिकन गाड्यांच्या रांगेत ती लेकरासारखी उभी होती म्हणे. दुकानदारानं सांगितलं, जपानात मोटारी करायला आत्ता कुठं सुरुवात झालीये; त्या लोकांनी परक्या गाड्या आणल्या, खिळा खिळा सुटा करून पाहिल्या, आणि मग आपल्या अरुंद गल्ल्यांना झेपेल अशी ही बारकी गाडी केली. नानांना ती गोष्टच फार आवडली. गाडी आवडली त्याच्या आधी गोष्ट आवडली, असं ते नंतर म्हणायचे. मनमाडला एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत चढत, पूर्णेला वळत, ती हिंगोलीच्या स्टेशनावर उघड्या डब्यातून उतरली, तेव्हा निम्मं गाव पाहायला आलं होतं. कंपनीचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना. सगळे तिला 'जपानी' म्हणायला लागले. त्या काळी जपानी माल म्हणजे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बाहुल्या, बांगड्या, रेशमाचे रुमाल, चिनी मातीचे कप; हौसेनं घ्यायचं आणि तुटलं की हळहळायचं नाही. त्यामुळं "वकीलसायबानं खेळणं आणलं" असं लोक बोलायचे, आणि नाना ते ऐकून मान ताठ करून बसायचे.

मोटारीबरोबर थावरा आमच्या घरात आला असं मला आठवतं, पण ते खरं नाही. तो आधीपासून होता. नानांची दमणी तोच हाकायचा. हिंगोली-सेनगाव रस्त्यावर एका टेकाडाच्या पोटाला त्याचा तांडा होता. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातलेला. रेल्वे आली आणि ते काम संपलं. आता तांड्यातले लोक कोरडवाहू जमीन कसायचे, लाकूडफाटा आणायचे. मोटार आल्यावर दमणीच्या बैलांना काम उरलं नाही, तेव्हा नानांनी थावराला विचारलं, "हे शिकशील का?" अकोल्याहून एक शिकवणारा महिनाभर आणला होता. नाना आणि थावरा दोघं एकदमच शिकले, आणि दोघंही वाईट शिकले. थावरानं पहिल्याच आठवड्यात कोर्टाच्या कुंपणाला धडक दिली, नानांनी कयाधू नदीच्या वाळूत गाडी रुतवली. गाडी थांबवायची झाली की थावरा तोंडानं "हो, हो, हो" करायचा. पण हात बसल्यावर तो असा काही ऐटीत बसायला लागला की विचारू नका. कुठून तरी एक निळ्या काचांचा चष्मा पैदा केला होता. दंडातल्या चांदीच्या कड्यावर बाही दुमडून, कोपर बाहेर काढून तो मोटार हाकायचा, आणि त्याचा तांडा आला की भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा. पों-पों, पों-पों. शेरड्या उधळायच्या, पोरं टेकाडावरून खाली पळत यायची, आणि त्यांच्यामागं त्याची आई, हिरीबाई, दारात येऊन उभी राहायची. तिच्या हातभर बांगड्या, कपाळावरची आरसे लावलेली ओढणी उन्हात लखलखायची. नाना वरवर रागवायचे: "काहून वाजवून राहिला रे?" थावरा म्हणायचा, "याडीला कळलं पायजे ना सायेब, मी चाललो म्हणून."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. त्या याडीचे डोळे हळूहळू जात होते. एकदा थावरानं गाडी पुसता पुसता नानांना विचारलं, "सायेब, याडीला दवाखान्यात आनाचं व्हतं. येताना गाडीत घातलं तर?" तेव्हा मी गाडीच्या मागच्या सीटवर चिंचा खात बसले होते. नानांनी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं पाहिलं. माझे चिंचेचे हात सीटला लागलेले होते, ते कुणाला दिसलं नाही. "बघू," नाना म्हणाले. नाना वाईट माणूस नव्हते. पण त्यांचा 'बघू' म्हणजे 'नाही' हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, थावरालाही माहीत होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. हिरीबाई एकदा बैलगाडीतून दवाखान्यात येऊन गेली म्हणतात. डोळे काही सुधारले नाहीत. आमच्या मोटारीत थावराशिवाय तांड्यातलं कुणीही कधी बसलं नाही.

गेल्या दिवाळीला माझ्या नातवानं गाडी घेतली, तीही जपानी कंपनीची. आता जपानी म्हटलं की लोक मान डोलावतात. कधी बंद पडत नाही, वर्षानुवर्षं डोळे झाकून चालवा, म्हणतात. नातू मला दाराशी हात धरून न्यायला आला, तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्याला वाटलं आजी म्हातारी झाली. म्हातारी तर झालेच आहे, पण काही गाड्यांत बसण्याआधी आपल्याला कुणाला तरी विचारावंसं वाटतं, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं आता राहिलेली नाहीत. त्याला हे कसं सांगणार? म्हणून लिहिते आहे.

आमच्या जपानीचे चांगले दिवस थोडेच होते. कयाधूच्या पात्रातून येताना मागच्या चाकांना फिरवणारा दांडा मोडला. बैल लावून गाडी घरी आणली. नानांनी मुंबईच्या दुकानाला कळवलं, तिकडून दांडा जपानहून येईल असं उत्तर आलं. आम्ही वाट पाहत राहिलो आणि मधेच बातमी आली की जपान लढाईत उतरलाय, तोही इंग्रजांच्या विरुद्ध. आता दांडा कुठला यायला! मुंबईच्या त्या दुकानाला टाळं लागलं असं कुणीतरी सांगितलं. पेट्रोलवरही बंधनं आली. गव्हाणीत धूळ साचायला लागली. थावरा रोज सकाळी येऊन न चालणारी गाडी पुसायचा, भोंग्याच्या फुग्यात हवा आहे का ते दाबून पाहायचा, आणि मग आईला पाणी भरून द्यायचा. त्याच सुमाराला कोर्टात नानांची चेष्टा सुरू झाली. रंगून पडल्याची खबर आली त्या दिवशी एका वकिलानं सगळ्यांदेखत म्हटलं, "वकीलसाब, आपके तबेले में तो जापान बंधा हुआ है!" सगळे हसले. तो माणूस नानांचा दोस्तच होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पण नानांच्या मनात ते रुतलं. अंमलदारांच्या कानावर गेलं तर काय, आपल्याला गद्दार समजले तर काय, असं ते जेवताना आईशी बोलत राहिले. आई म्हणाली, "गाडीवर गोनपाट टाका अन् इसरा." गोणपाट टाकलं. विसरणं झालं नाही.

मग लष्करात ड्रायव्हर हवेत म्हणून अकोल्याला भरती सुरू झाल्याचं कळलं. मोटार हाकता येणारी माणसं आमच्या भागात होतीच किती! नानांनी कोर्टात सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "माझा ड्रायव्हर देतो." 'देतो' हा त्यांचाच शब्द. घरी येऊन ते मला उचलून घेत हसले होते, कारण ज्यानं चेष्टा केली त्यानंच पाठ थोपटली होती. थावराला त्यांनी नंतर विचारलं. थावराही नाही म्हणाला नाही, उलट हरखला. मोठ्या लॉऱ्या, खाकी कपडे, दूरचा मुलुख. त्याचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं; चांदी त्याच्या बायकोचं नाव.

हिरीबाई तेव्हा आमच्या दारात आली. मला ते सगळं दिसतं. शेजारच्या वाड्यात हळद शिजत होती, त्याचा कडू-गोड वास सगळ्या गल्लीत भरलेला. ती ओट्याच्या खाली बसली, वर बसली नाही. डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "सायेब, एकुलता हाय."

"मला ठाऊक आहे, हिरीबाई."

"लढाईत माणसं मरतेत म्हणतेत."

"अगं, तो कुठं लढाईला चाललाय? डायव्हर मागं राहतो. लढणारे पुढं, सामानाच्या गाड्या मागं. त्याला कुणी बंदूक न्हाई देनार."

"मागं राहते?"

"मागं राहते. माझा शब्द."

आईनं तिला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, ती तिनं ओढणीच्या टोकात बांधून घेतली आणि उठली. जाताना म्हणाली, "तुमी म्हणता तर बराबर असंल."

थावरा गेला. सुरुवातीला त्याची खुशाली यायची, कुणीतरी लिहून दिलेली, नानांच्या पत्त्यावर. बाजारच्या दिवशी हिरीबाई आणि चांदी आल्या की नाना ती त्यांना वाचून दाखवायचे. मग खुशाली यायची थांबली, आणि सरकारी पत्र आलं की बरमाच्या बाजूला तो बेपत्ता आहे. नानांनी ते हिरीबाईला सांगितलं, पण सांगताना बेपत्ताचा अर्थ ते आपल्या मनासारखा लावत गेले. "म्हणजे सापडला न्हाई एवढंच. जंगलाचा मुलुख आहे. कैदेत असंल. लढाई संपली की सुटतेत कैदी." हिरीबाई ऐकायची आणि मान हलवायची. त्यानंतर ती प्रत्येक बाजाराला येऊ लागली. एकच प्रश्न विचारायची, "काही कळलं का?" आणि नाना एकच उत्तर द्यायचे, "चौकशी चालू आहे." बाजारच्या दिवशी आमच्या घरात मोठ्यानं कुणी बोलत नसे. नानांना सकाळपासून जेवण जायचं नाही. आई त्या दिवशी मुद्दाम धपाटे करायची, हिरीबाईबरोबर द्यायला. त्या धपाट्यांचा खरपूस वास आजही मला नको होतो.

लढाई संपली. रिसोडच्या बाजूचा एक शिपाई सुटून घरी आला, तो मुद्दाम वाट वाकडी करून नानांना भेटायला आला. थावरा आणि तो एकाच तुकडीत होते. ओट्यावर बसून, चहा बशीत ओतत त्यानं सांगितलं की एका पुलाजवळ लॉऱ्यांच्या रांगेवर वरून बाँब पडले. थावराची लॉरी पहिली पेटली. त्यानं स्वतः पाहिलं. "हाका मारल्या, पण जवळ जाता आलं न्हाई," तो म्हणाला. मी आतल्या दाराशी होते. नानांनी त्याला विचारलं, "तांड्यावर जाऊन आलास?" तो म्हणाला, "न्हाई. माझी हिंमत न्हाई झाली. तुमी सांगाल म्हणून आलो." नानांनी त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं. परत आले आणि गोठ्यात जाऊन गोणपाटाखालच्या गाडीपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. आईनं विचारलं, "कवा सांगणार?" नाना म्हणाले, "सांगतो." पुढच्या बाजाराला हिरीबाई आली. "काही कळलं का?" नानांनी तोंड उघडलं, आणि त्यातून तेच निघालं, "चौकशी चालू आहे." आई आत चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली होती. एकदा न सांगितल्यावर दुसऱ्यांदा सांगणं अधिक अवघड झालं, तिसऱ्यांदा अशक्य. असं बाजारामागून बाजार चालत राहिलं, आणि पावसाळा येऊन गेला तरी चाललंच.

नानांनी त्या काळात एक विचित्र नाद घेतला. गाडी चालू करायची. अकोल्यात लष्कराचं भंगार विकायला निघालं होतं. तिथला एक मिस्त्री त्यांनी आणला आणि त्यानं कुठल्या तरी अमेरिकन गाडीचा दांडा तासून, कापून आमच्या जपानीला बसवला. आई म्हणाली, "कशाला आता?" पण ज्या दिवशी हँडल मारल्यावर गाडी खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली, त्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, चल. हिरीबाईला घेऊन येऊ. तिचे डोळे अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू." त्यांचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी. मी परकराचा घोळ आवरून पुढं बसले, थावराच्या जागी बसलेल्या नानांच्या शेजारी. वारा लागत होता, कापसाची शेतं मागं पडत होती, आणि नाना शीळ घालत होते. मला वाटतं त्यांनी मनात सगळं ठरवलं होतं: आधी तिला गाडीत बसवायचं, मग डॉक्टर, मग वाटेत कुठंतरी हळूच सांगायचं. चांगलं काहीतरी आधी करून ठेवलं म्हणजे वाईट सांगायला बळ येईल असा त्यांचा हिशेब असावा. तांडा आला. टेकाडाखाली शेरड्या रस्त्यात आडव्या आल्या, आणि नानांनी भोंगा दाबला.

त्या रस्त्यानं दुसरी मोटार कधी जात नव्हती. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. माझ्याही लक्षात आलं नाही.

आधी चांदी धावत आली, डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली. वळणावर तिला नाना दिसले आणि ती जिथल्या तिथं थांबली. पण तिच्यामागून हिरीबाई येत होती, पिठाच्या हातांनी, अनवाणी, ठेचकाळत, आणि तिला दिसत नव्हतं. चांदीनं तिला धरायला हात पुढं केला तर तिनं तो झिडकारला. "आयो रे? आयो, थावरू?" ती सरळ गाडीच्या आवाजाकडं आली, हाकणाऱ्याच्या बाजूला. इंजिन चालू होतं. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि नानांचं तोंड धरलं. कपाळ चाचपलं, गाल चाचपले. तिच्या बोटांचं पीठ नानांच्या मिशांना लागलं. मग बोटं डोळ्यांखालच्या सुरकुत्यांना लागली आणि थांबली.

"कोन?" ती म्हणाली.

"मी, हिरीबाई. वकील."

तिनं हात काढून घेतले. "तो कुठाय?"

नानांनी इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं, फक्त शेरडं ओरडत होती. तांड्यातली माणसं जमली होती, तांड्याचा प्रमुख, नाईक, तोही खाली आला होता. नाना गाडीतून उतरले.

"तो न्हाई, हिरीबाई. थावरा गेला. बरमात, लॉरीला आग लागून. एक शिपाई डोळ्यांनी पाहून आला, त्यानं मला सांगितलं."

"कवा सांगितलं?"

"साल होत आलं."

"साल," ती म्हणाली. "अन् म्या बाजाराच्या बाजाराला येऊन राहिले ना, सायेब."

"व्हय."

नाईक म्हातारा होता, शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमच्या सांगण्यावर आमी थांबलो. त्याचे दिवस घातले न्हाईत. ह्या पोरीचं पुढचं बगितलं न्हाई. तो येनार म्हणून बसवून ठेवली." चांदी खाली बसली होती, जमिनीवर, शेरड्यांच्या लेंड्यांत. नानांना ह्या गोष्टीचा विचारच शिवला नव्हता, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

हिरीबाई म्हणाली, "तुमी म्हणले व्हते, डायव्हर मागं राहते."

"म्हणलो व्हतो."

"तुमाला ठाऊक व्हतं का, मागं राहते म्हणून?"

"न्हाई. मला काहीच ठाऊक नव्हतं."

"मंग काहून म्हणले?"

नाना खोटं बोलू शकले असते. वकील माणूस. पण तिथं उन्हात, पीठ लागलेल्या तोंडानं ते खरं बोलले. "जपानची गाडी दारात हाय म्हणून लोक मला बोलून राहिले व्हते. मी घाबरलो. सरकारला दाखवायला तुझं लेकरू देलं."

हिरीबाईनं हात पुढं करून गाडी चाचपली. तिचं तापलेलं पत्र्याचं तोंड, दिवा, दार. आयुष्यात पहिल्यांदा ती तिला हात लावत होती. मग म्हणाली, अगदी हळू, समजावून घ्यावं तशी, "मंग गाडी द्यायची व्हती, सायेब. लेकरू काहून देलं?"

मग चांदीनं पहिला हंबरडा फोडला आणि बायकांनी तिच्या आवाजात आवाज मिळवला. त्या आवाजाला त्यांच्या बोलीत वेगळं नाव आहे, मी ते विसरले. पण तो आवाज वर्षभर अडवून धरला होता आणि अडवणारे आम्ही होतो, एवढं मला त्या वयातही कळलं. परत येताना नानांना गाडी सुरू करता येईना. तांड्यातल्याच एकानं हँडल मारून दिलं.

हिरीबाई त्यानंतर आमच्या घरी आली नाही. बाजाराला यायची, पण आमची गल्ली टाळून. नाना बाजारच्या दिवशी ओट्यावर बसून राहायचे. कुणी विचारलं नाही, कुणी रागवलं नाही, कुणी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं असं आई एकदा म्हणाली.

मग निजामी राज्याचे शेवटचे ते महिने आले. रस्त्यांवर हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या, गावं ओस पडायला लागली, ज्यांना शक्य होतं ते वऱ्हाडात निघून जाऊ लागले. एका सकाळी नानांनीही ठरवलं. राखून ठेवलेलं थोडं पेट्रोल घातलं, आई, मी, धाकटा भाऊ आणि दोन बोचकी गाडीत कोंबली आणि रिसोडच्या दिशेनं निघालो. पुढं रस्ता अडवलाय हे आम्हाला तांड्याजवळ कळलं. नाईकच रस्त्यात हात आडवा करून उभा होता. "मोटार घेऊन जाऊ नका, आवाज लांब जाते. माणसं देतो, नाल्यानाल्यानं पायी जा." नाना काही बोलायच्या आत आईनं विचारलं, "हिरीबाई कुठंय?" ती झोपडीच्या दारात बसलेली होती. उठली, आत गेली, आणि फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून आणली. माझ्या हातात दिली, नानांच्या नाही. नानांनी म्हटलं, "गाडी इथं राहू दे, हिरीबाई?" ती म्हणाली, "राहू द्या." एवढंच. तांड्यातले दोघं पुढं, आम्ही मागं, पळसाच्या झुडपांतून, कोरड्या नाल्यांतून दिवसभर चाललो. पाण्याच्या डबक्याशी बसून सगळ्यांनी ती भाकरी खाल्ली. नानांनीही खाल्ली. खाताना ते रडत होते आणि धाकट्या भावाला वाटलं चटणी झोंबली. दिवस मावळायच्या आत आम्ही वऱ्हाडात पोचलो.

राज्य गेलं, तिरंगा लागला, आम्ही परत आलो. घर लुटलं होतं, भिंती शाबूत होत्या. थोडं स्थिरस्थावर झाल्यावर नाना बैलगाडी करून तांड्यावर गेले, मीही गेले. जपानीचा सांगाडा लिंबाखाली उभा होता. चाकं नव्हती, टप नव्हता, सीटचं कातडं सोलून नेलेलं. एक दार शेरड्यांच्या कोंडवाड्याला लावलं होतं, मडगार्डांचे पत्रे एका झोपडीवर दगडांनी दाबून ठेवले होते. दिव्याच्या वाटीत कोंबडी पाणी पीत होती. नाईक ओशाळला. "सायेब, लोकायला वाटलं तुमी आता येत न्हाई. पोरायनं एक एक करून..."

"बराबर केलं," नाना म्हणाले. "राहिलेलंही घ्या."

चांदी दिसली. थावराच्या चुलतभावाशी तिचं लावून दिलं होतं, कडेवर पोर होतं. तिनं नानांकडं पाहिलं आणि पोराचं तोंड दुसरीकडं वळवलं. तेवढ्यात हिरीबाई झोपडीतून निघाली, कमरेवर घागर. तिला वाट पाठ होती. बैलांच्या घंट्यांचा आवाज ऐकून क्षणभर थांबली, कोण आलंय ते तिला कुणी तरी सांगितलं असावं, कारण तिनं मान आमच्या बाजूला किंचित वळवली. मग विहिरीकडं चालायला लागली. तिच्या पायात जाड रबराच्या चपला होत्या, आमच्या मोटारीच्या टायरमधून कापलेल्या. वाटेवर बोटभर फुफाटा होता आणि त्यात मोटारीच्या चाकांची नक्षी उमटत चालली होती, एकेका पावलाएवढी, झोपडीपासून विहिरीपर्यंत. नाना ते ठसे पाहत उभे राहिले. मग त्यांच्यावर आपला पाय पडू नये म्हणून ते वाट सोडून काट्याकुट्यांतून, कडेकडेनं चालत बैलगाडीकडं गेले.